सील-शिकारबंदीच्या अर्जावर सही घेण्याआधी : मराठी प्राणिमित्रांना खुले पत्र

प्रति,
सील-शिकारबंदीच्या अर्जांवर मराठीतून सह्या गोळा करणाऱ्या प्राणिमित्र संस्था, गट आणि स्वयंसेवक यांस,

विषय : नुनावुतमधल्या इनुइट बायकांचा तुमच्या अर्जांत विचारच नसल्याबाबत

स.न.वि.वि.

तुमच्या अर्जांवर वर पांढऱ्याशुभ्र पिल्लाचं छायाचित्र असतं आणि खाली एकच मागणी : सील या थंड समुद्रातल्या सस्तन प्राण्याच्या कातड्याचा व्यापार जगभर सरसकट थांबवा. या मागणीत शिकारीचे दोन अगदी वेगळे प्रकार एकाच गाठोड्यात बांधले गेले आहेत. त्याचा मार शेवटी पोचतो तो कॅनडाच्या अतिउत्तरेला, नुनावुत प्रदेशात सीलचं कातडं कमावून शिवणाऱ्या इनुइट, म्हणजे तिथल्या मूलनिवासी, बायकांपर्यंत.

आम्ही कातडी वस्त्रांचं जतन, हातशिवण आणि हस्तकलांची विक्री या कामांतली माणसं. तुमचा कळवळा खरा आहे, हे धरूनच लिहीत आहोत. रोज कातडं हाताळणाऱ्याला ते कुठल्या जिवाचं आहे याचा विसर पडत नाही. पण अर्जाचा मसुदा करताना ज्या गोष्टी माहीत असायला हव्यात त्या त्यात दिसत नाहीत, म्हणून त्या इथे मांडतो. काही ठिकाणी तपशील जास्त वाटेल. पण या बायका नेमकं काय करतात हे न बघता 'त्यांना पर्यायी रोजगार द्या' असं लिहून मोकळं होणं फार सोपं आहे, आणि तुमच्या अर्जांत ते वाक्य हमखास असतं.

आधी त्या छायाचित्राबद्दल. ते पिल्लू हार्प सीलचं. जन्मानंतरचे जेमतेम दोन-तीन आठवडे त्याची लव अशी पांढरी राहते. कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ आणि सेंट लॉरेन्सच्या आखातात बोटींनी जी व्यापारी शिकार होते ती हार्प सीलची. या पांढऱ्या पिल्लांची कातडी तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायाने 1983 मध्ये आपल्या बाजारातून हद्दपार केली आणि कॅनडाने 1987 मध्ये त्यांची व्यापारी शिकारच बंद केली. म्हणजे तुमचं छायाचित्र ज्या गोष्टीचं आहे, तिच्यावर बंदी येऊन पिढी उलटली आहे.

नुनावुतमध्ये मुख्यतः मारला जातो तो नत्सिक, अंगावर फिकट कड्यांची नक्षी असलेला छोटा सील, पूर्ण वाढलेला साधारण 50 ते 70 किलोचा. हिवाळ्यात त्याच्या श्वासाच्या भोकापाशी, म्हणजे अग्लुपाशी, शिकारी तासन्‌तास उभा राहतो. वसंतात सील उन्हाला बर्फावर येऊन पडतात, तेव्हा दबकत जवळ जाऊन बंदुकीने टिपतात. बुटाच्या तळासाठी लागतो तो उगजुक, म्हणजे दाढीवाला सील. तो आकाराने कितीतरी मोठा आणि कातड्याने जाड.

या शिकारीत मांस आधी, कातडं नंतर. नुनावुतमध्ये 25 वस्त्या आहेत आणि एकीपासून दुसरीकडे नेणारा रस्ता नाही. किराणा येतो तो विमानाने, नाहीतर उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर येणाऱ्या मालवाहू जहाजाने, आणि त्याचे भाव तसेच असतात. सीलचं लोहाने भरलेलं मांस आणि चरबी हे तिथलं घरचं अन्न. शिकार आली की नातलगांना, म्हाताऱ्या माणसांना, ज्या घरात शिकारी नाही अशांना वाटे जातात. सील मारला जातो तो या जेवणासाठी. मागे कातडं उरतं आणि ते बाईच्या हाती येतं. त्याला गिऱ्हाईक नसेल आणि घरात गरज नसेल, तर ते फेकून द्यावं लागतं. कातड्याचा बाजार बंद झाल्याने तो सील काही वाचत नाही.

आता काम बघा.

पहिली शर्यत वेळेशी असते. ऊबदार, ओलं कातडं गुंडाळून तसंच पडू दिलं तर जिवाणू केसांच्या मुळाशी लागतात, आणि वाळल्यावर नुसता हात फिरवला तरी केसांचे पुंजके सुटून येतात. केसाळ वस्तूसाठी ते कातडं बाद. चरबी काढायची ती उलूने. उलू ही अर्धचंद्राकृती पात्याची, मधोमध मूठ असलेली बायकांची सुरी. मूठ पात्याच्या बरोबर वर असल्याने हाताचा दाब थेट धारेवर पडतो, आणि पातं जरासं डोलवून हव्या त्या जागी जोर देता येतो. कातडं केसांची बाजू खाली करून लाकडी फळीवर पसरतात आणि अंगापासून दूर ढकलत चरबीचा थर सोलून काढतात. त्याखालचा पातळ पापुद्रा काढणं हे खरं कसबाचं काम. पापुद्रा राहिला तर त्यातलं तेल हवेने पिवळं पडतं, खवट वास धरतो, कातडं तिथे कडक होतं आणि पुढे तिथेच भेगाळतं. संग्रहालयांत येणाऱ्या जुन्या वस्त्रांवर हे पिवळे डाग आम्हाला नेहमी दिसतात. उलट पातं थोडं जास्त खोल गेलं तर केसांची मुळंच कापली जातात आणि बाहेरच्या अंगाला टक्कल पडतं. पोटाकडे कातडं पातळ, पाठीवर जाड. ही जाडी बोटांना कळल्याशिवाय हात बसत नाही.

मग धुणं. पूर्वी समुद्राच्या पाण्याने धुऊन कोरड्या हिमाने घासत, आता भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात, पाणी निवळ येईपर्यंत. धुतलेलं कातडं लाकडी चौकटीवर ताणायचं. कडेने बोट-दीड बोटावर बारीक चिरा द्यायच्या, त्यांतून दोरी ओवून चौकटीला घ्यायची. आधी डोक्याची आणि शेपटीची बाजू, मग दोन्ही कुशी, मग पुन्हा एक फेरी मारून ताण सगळीकडे सारखा करायचा. चीर काठाच्या फार जवळ पडली तर ताण येताच फाटत बाहेर निघते. एका अंगाला जास्त ओढलं तर कातडं तिरकं वाळतं आणि त्यातून कापलेली बुटाची नळी घालणाऱ्याच्या पायावर फिरत राहते. थंडीत बाहेर टांगलेलं कातडं गोठत गोठत सावकाश वाळतं. वसंतातल्या कोरड्या वाऱ्याला आणि उन्हाला हेच काम लवकर होतं. घाईपोटी घरात हीटरजवळ ठेवणं ही नवशिक्या हातांची ठरलेली चूक. वरचा थर कडकडीत होतो, आतला ओलाच राहतो, आणि मऊ करायला घेतलं की कातडं मोडतं.

वाळलेलं कातडं ताठ असतं. बोथट खरवडणीने आतून घासत, पिळत, पायाखाली तुडवत त्याचे तंतू मोकळे करावे लागतात. तळाच्या जाड कातड्याच्या कडा दातांनी चावून मऊ करतात. जुन्या पिढीतल्या शिवणाऱ्या बायकांचे पुढचे दात झिजलेले असत ते यामुळे.

याच्या पुढे एकाच कातड्याच्या तीन वाटा होतात. केस तसेच ठेवले तर ते बाहेरच्या बुटाला, हातमोज्याला, अंगरख्याला जातं. केस उलूने अगदी मुळाशी तासून काढले, पण त्याखालची काळी बाह्यत्वचा शाबूत राखली, तर ते काळं, पाणी न शिरणारं कातडं होतं. वसंतात आणि उन्हाळ्यात ओल्या बर्फावर चालायला हेच लागतं. तासताना बाह्यत्वचेला एक ओरखडा गेला तर नेमकं तिथून पाणी येणार, म्हणून या कामाला धार ताजी लागते आणि हात शांत लागतो. तिसरी वाट पांढऱ्या कातड्याची. गरम पाण्यात भिजवून केस आणि बाह्यत्वचा दोन्ही खरवडून काढायची आणि वसंतातल्या गोठवणाऱ्या उन्हात कातडं टांगायचं, म्हणजे ते पांढरंफेक होतं. पाणी फार गरम झालं तर कातडं तिथल्या तिथे आक्रसतं, आणि त्याला मग उपाय नाही. हे पांढरं कातडं देखणं असतं, पण ओल सोसत नाही. ते कोरड्या थंडीसाठी आणि नक्षीसाठी.

कामिक म्हणजे बूट. त्याचे भाग मोजके : उगजुकचा तळ, नत्सिकची नळी, वरची नाडी आणि आत घालायचा मोजा. हा मोजा पूर्वी कॅरिबू या उत्तरेकडच्या हरणाच्या कातड्याचा, केस आत घेतलेला असे. आता बहुधा जाड लोकरी कापडाचा असतो. माप घ्यायला टेप नसतो. वीत, चार बोटं, अंगठ्याचं पेर यांच्या हिशेबाने बाई समोरच्याचा पाय जोखते. कापायचं ते कातड्याच्या आतल्या बाजूने, पातं फक्त कातड्यातून जाईल इतकंच टेकवून, म्हणजे बाहेरचे केस तुटत नाहीत. कात्रीने कापलेल्या काठावर केस अर्धवट छाटले जातात आणि शिवण उघडी पडते. नळीवर केसांचा कल खाली हवा, म्हणजे हिम झटकलं जातं. नत्सिकची पाठ गडद आणि पोट चंदेरी, म्हणून नक्षीसाठी दोन्ही छटा त्याच कातड्यातून मिळतात. पट्ट्या जोडताना टाका आतून घ्यायचा आणि शिवणीत अडकलेला केस न् केस सुईच्या टोकाने बाहेर काढायचा. तो अडकलेला राहिला तर काठ बसत नाही. कित्येक ठिकाणी पुरुषांच्या कामिकवर उभ्या पट्ट्या आणि बायकांच्या कामिकवर आडव्या असा संकेत आहे. जाणकार बाई दुरून बूट बघून तो कुठल्या भागातला हे ओळखते.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे तळ आणि नळी यांचा जोड. गोधडीत धावदोरा आरपार जातो, गेलाच पाहिजे. इथे आरपार गेलेला टाका म्हणजे पाणी आत यायची वाट. म्हणून दोन काठ थोडे मागेपुढे धरतात. पहिल्या ओळीत सुई एका कातड्याच्या काठातून पूर्ण जाते, पण दुसऱ्या कातड्याच्या जाडीत अर्ध्यापर्यंतच शिरून त्याच अंगाने बाहेर येते. ती ओळ संपली की पुढे राहिलेला काठ उलटवायचा आणि दुसऱ्या अंगाने तशीच ओळ घालायची, पुन्हा अर्ध्या जाडीतून. दोन्ही ओळी झाल्यावर बाहेरून आतपर्यंत सलग गेलेलं एकही भोक उरत नाही. दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या कातड्यात सुई मधूनच वळवायची, ती दिसत नसताना, आणि तेही पूर्ण तळाच्या भोवती. तीनधारी चामडी सुई इथे चालत नाही. तिने पडलेलं भोक कोपऱ्यांतून फाटत जातं. बारीक गोल सुई आणि तर्जनीवर कातड्याचं अंगुस्तान घेऊनच ही शिवण होते.

दोरा म्हणजे इवालु. कॅरिबूच्या पाठकण्यालगतची लांब कंडरा काढून, मांस खरवडून, वाळवून तिचे हवे तितके बारीक धागे सोलतात आणि तोंडात ओले करून ओवतात. हा दोरा पाण्याने फुगतो. बूट भिजला की टाक्याचं भोक दोराच बुजवतो. मेण लावलेला नायलॉनचा दोरा, अगदी दातांची फ्लॉससुद्धा आज सर्रास वापरतात. तो तुटत नाही, पण फुगतही नाही, आणि जोराने ओढला तर कातडंच कापतो. त्याने शिवताना टाका जवळ आणि ओढ हलकी ठेवावी लागते. इवालु मिळणं आता सोपं राहिलेलं नाही. बॅफिन बेटावर कॅरिबू इतके घटले की 2015 च्या सुरुवातीला शिकारीवर पूर्ण बंदी घालावी लागली, आणि पुढे ती खुली झाली तीही मोजक्या नरांपुरती. कॅरिबूची गरम वस्त्रं दुर्मीळ झाली तसा सीलच्या कातड्यावरचा भार वाढला. सील-शिकारबंदीच्या अर्जांत ही बाजू कधीच आलेली आम्ही पाहिली नाही.

तळ पायापेक्षा बराच मोठा कापतात, कडा वर वळवतात आणि चवड्यापाशी व टाचेपाशी बारीक चुण्या घालतात. चुण्या सारख्या नसतील तर त्यांच्यामधल्या खाचेत शिवण उघडी राहते. गळका बूट बहुतेक वेळा चवड्यापाशीच गळतो. उणे तीस अंशांत ओला पाय म्हणजे हिमदंश, आणि बर्फावर शिकारी एकटा असेल तर त्याहून वाईट. घरातली सुई बिघडली तर शिकारी बाहेर पडू शकत नाही, हे इनुइट घरात कुणाला समजवावं लागत नाही.

रबरी बूट घ्या की, असं सुचवणाऱ्यांना एवढंच सांगायचं : रबर घाम बाहेर जाऊ देत नाही, थांबलं की तोच घाम गोठतो, आणि कडक थंडीत रबर ताठ होऊन तडकतं. कामिक हलका आणि लवचिक असतो, शिवाय दुरुस्त करता येतो. मात्र त्याची निगाही राखावी लागते. प्रत्येक वापरानंतर सावकाश वाळवायचा आणि पुन्हा खरवडून मऊ करायचा.

अमाउती या बायकांच्या अंगरख्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर वेगळं पत्र होईल. पाठीवर बाळासाठी अमाउत नावाची ऐसपैस जागा असते. बाळ आईच्या पाठीला चिकटून बसतं आणि त्याच्या बुडाखालून घेतलेला पट्टा कमरेशी बांधून त्याचं वजन पेलतात. खांदे मुद्दाम रुंद ठेवतात, कारण आईला हात आतून मागे नेऊन बाळ पुढे घेता यावं आणि वारा न लागता पाजता यावं. पट्टा वर बांधला तर बाळ घसरतं, खांदा अरुंद कापला तर ते पुढे घेताच येत नाही. असा साचा एका कुणाच्या डोक्यातून निघत नाही, तो पिढ्यांनी घासून बसवलेला असतो. न्यूयॉर्कच्या एका फॅशन-घराण्याची माणसं 1999 च्या सुमारास उत्तरेत वस्त्रं विकत घेत फिरली, तेव्हा पाऊक्तूतित या 1984 पासून चालत आलेल्या इनुइट महिला संघटनेने या साच्याच्या हक्काचा प्रश्न हाती घेतला, आणि 2001 मध्ये नुनावुतमधल्या रँकिन इनलेटला शिवणाऱ्या बायकांची बैठक भरवली. एका व्यक्तीच्या नावाने हक्क देणारा कायदा समाजाच्या सामायिक कलेला कसा लागू करायचा, हा तिथला प्रश्न. या बायका कोणाच्या तरी दयेची वाट बघत बसलेल्या नाहीत, त्या स्वतःचं गाऱ्हाणं स्वतः मांडतात. तुमच्या मसुद्यात मात्र त्यांच्या वतीने निर्णय घेतलेला असतो.

सीलचा उपयोग कातड्यावर संपत नाही. कुल्लिक हा अर्धगोल दगडी दिवा सीलच्या तेलावर जळतो. गोठलेली चरबी कुटून तेल मोकळं करतात, आणि आर्क्टिक कापसाची बोंडं व वाळलेलं शेवाळ चुरून त्याची वात दिव्याच्या सरळ काठावर पसरतात. वात जाड झाली की काजळी धरते, तेल आटलं की वातच जळते, म्हणून हातात काडी घेऊन ज्योत सतत खालीवर सारखी करावी लागते. हा दिवा बाईचाच. एके काळी घराची ऊब, स्वयंपाक, ओल्या कामिकांचं वाळवण सगळं त्याच्यावर होतं. आज सभा-समारंभांच्या सुरुवातीला वयस्क बायका तो पेटवतात. शिवण शिकणं-शिकवणंही चालू आहे. नुनावुतची राजधानी इकालुइटमध्ये नुनावुत आर्क्टिक कॉलेजात फरवस्त्रांचा अभ्यासक्रम आहे, आणि नुनावुतच्या साक्षरता परिषदेने शिवणकामाच्या वर्गातूनच लिहिणं-वाचणं शिकवायचा मिक्कुत नावाचा उपक्रम चालवला. अशा वर्गांत तरुण मुली आजीच्या वयाच्या बाईशेजारी बसून इनुक्तितुत या आपल्या भाषेत बोलतात. पण वर्गासाठी कातडी हवीत, कातड्यांसाठी शिकारी बर्फावर जायला हवा, आणि स्नोमोबाइलचं पेट्रोल व काडतुसं रोखीने घ्यावी लागतात.

इथेच तुमचा अर्ज आडवा येतो. 1983 च्या युरोपीय निर्णयात इनुइटांच्या पारंपरिक शिकारीला सूट होती, लेखी. तरीही नत्सिकचे भाव कोसळले, कारण लिलावात आणि दुकानात गिऱ्हाईक कातड्याची जात विचारत नव्हतं. सील म्हटलं की ते गिऱ्हाईक पाठ फिरवत होतं. कातड्याच्या पैशावर शिकारीचा खर्च निघत असे, तो निघेनासा झाला, आणि पाठोपाठ घरात येणारं मांसही घटलं. 2009 मध्ये युरोपीय संघाने सील-वस्तूंवर सरसकट बंदी आणली, पुन्हा इनुइटांना सूट ठेवून. कॅनडा आणि नॉर्वे जागतिक व्यापार संघटनेत गेले. 2014 च्या निकालात प्राणिकल्याणासाठी बंदी घालण्याचं तत्त्व मान्य झालं, पण ही सूट प्रत्यक्षात जवळजवळ ग्रीनलंडच्या इनुइटांनाच मिळते आणि कॅनडातल्या इनुइटांना समान संधी नाही, हेही स्पष्ट झालं. 2015 मध्ये नियम सुधारले, आणि त्याच वर्षी वस्तू इनुइट शिकारीतल्या सीलची आहे असं प्रमाणपत्र देण्याचा अधिकार नुनावुत सरकारला मिळाला. सुधारित नियमांत युरोपीय आयोगावर एक जबाबदारीही आहे : इनुइटांच्या सील-वस्तू युरोपात कायदेशीर आहेत हे लोकांना सांगायची. अमेरिकेत अजून 1972 च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने कॅनडातल्या इनुइट बाईचे हातमोजे सीमेवर अडतात. अलास्कातल्या मूलनिवासी बाईला मात्र तिची हस्तकला तिथे विकता येते.

सूट दोनदा मिळूनही बाजार परत आला नाही, कारण मनं मोहिमांनी घडवली होती. ग्रीनपीस कॅनडाने 2014 मध्ये आपल्या जुन्या मोहिमेमुळे इनुइटांचं झालेलं नुकसान मान्य करून जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी इनुइट गायिका तान्या तागाकने आपल्या तान्ह्या मुलीचं, शेजारी शिकार केलेला सील असलेलं छायाचित्र प्रसिद्ध केलं, तेव्हा तिला अत्यंत हिंसक धमक्या आल्या. मराठी अर्जांखालच्या प्रतिक्रियांतही 'रानटी', 'निर्दय' हे शब्द आम्ही वाचले आहेत. ते तुम्ही लिहिले नसतील, पण तुमच्या पानावर ते तसेच राहिले आहेत.

सीलची काळजी करू नका, असं आम्ही म्हणत नाही. नत्सिकची मादी समुद्राच्या बर्फावर साचलेल्या हिमात बीळ करून पिल्लाला जन्म देते. हिम कमी पडलं किंवा अवेळी वितळलं तर बीळ कोसळतं आणि पिल्लू उघड्यावर येतं. समुद्राचा बर्फ घटणं हा या प्राण्यांपुढचा मोठा धोका आहे. शिकारीचा माग ठेवणारे इनुइट हा बदल रोज बघतात. या प्रश्नावर ते तुमचे सोबती आहेत.

तेव्हा आमच्या मागण्या. पांढऱ्या पिल्लाचं छायाचित्र अर्जावरून काढा. मागणी ज्या व्यापारी शिकारीबद्दल आहे तिचं ठिकाण आणि सीलची जात स्पष्ट लिहा. मसुद्यात हे वाक्य घाला : 'ही मागणी इनुइट आणि इतर मूलनिवासी समाजांनी उपजीविकेसाठी केलेल्या शिकारीला व तिच्यातून बनलेल्या वस्तूंना लागू नाही.' ते तळटीपेत नको, सहीच्या वर हवं, कारण सूट तळटीपेत राहिली की काय होतं हे 1983 नंतर दिसलं आहे. 'पर्यायी रोजगार' हा मुद्दा काढा. तो ठेवायचाच असेल तर आधी पाऊक्तूतितचं म्हणणं वाचा आणि तेही सोबत छापा. प्रतिक्रियांत इनुइट माणसांबद्दल शिवीगाळ आली तर ती काढून टाका, आणि का काढली तेही लिहा.

तुमच्यापैकी बरेच जण कॅनडात, युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांपर्यंत पोचता. सील-वस्तू घ्यायचीच नाही हा त्यांचा निर्णय असू शकतो, पण तो माहिती घेऊन व्हावा. घेणार असतील तर शिवणारीचं नाव आणि गाव विचारावं, शक्यतो थेट तिच्याकडून किंवा तिच्या वस्तीतल्या सहकारी दुकानातून घ्यावं. केस उलटे फिरवून शिवणीकडे बघावं, टाके दाट आणि सारखे आहेत का, केस अडकलेत का. घासाघीस करू नये. एका जोडीमागे कातडं सोलण्यापासून शेवटच्या चुणीपर्यंत किती काम आहे ते वर लिहिलंच आहे. युरोपात विक्रीची वस्तू असेल तर प्रमाणपत्र मागावं. अमेरिकेतून प्रवास असेल तर सोबत नेऊ नये, ती सीमेवर जप्त होऊ शकते. भारतात सीलच्या कातड्याच्या आयातीवर निर्बंध आहेत, तेव्हा इथे मागवण्याचा आग्रह आम्ही धरत नाही.

मसुद्यात बदल करायला तुम्ही तयार असाल तर तो तपासून द्यायला, आणि शिवणीचे व कातड्याच्या प्रकारांचे नमुने घेऊन तुमच्या स्वयंसेवकांसमोर बसायला आम्ही तयार आहोत. पुढचा अर्ज प्रसिद्ध होण्याआधी उत्तर यावं, ही विनंती.

आपले,
कातडी वस्त्रांचं जतन, हातशिवण व हस्तकला-विक्री क्षेत्रांतले काही मराठी भाषक